एक्केचाळीस भुंगेरे आणि सबनीस

सदर व्यक्ती पुरुष असून वय एक्कावन्न, उंची पाच फूट सहा इंच, डोळे काळे, केस उरलेत तेवढे काळे-पांढरे. नाव : प्रल्हाद सबनीस. मूळ गाव : कोल्हापूर. सध्याचा मुक्काम : फ्रिस्को, टेक्सास. वर्ग : तात्पुरता, कुशल. प्रवेशाचा हेतू : नोकरी, आणि तीही अर्जात नमूद केलेल्या मालकाकडेच. मुक्कामाची मुदत : तीन वर्षं, आजवर पाच वेळा वाढवलेली. कायम वास्तव्याचा अर्ज : दाखल करण्यास पात्र, मात्र क्रमांक यायचा आहे. सदर व्यक्तीविरुद्ध गुन्हा नाही, तक्रार नाही, सांसर्गिक रोग नाही. अन्य कौशल्ये : असा रकाना अर्जात नाही.

हा रकाना असता तर त्यात लिहावं लागलं असतं की सदर व्यक्तीला मोडी वाचता येते. प्रल्हादचे वडील कोल्हापुरात जमिनीच्या दाव्यांसाठी लोकांचे जुने कागद वाचून द्यायचे. पक्षकार ओसरीवर चपला काढून बसायचे, वडील भिंग घेऊन आजोबा-पणजोबांची भांडणं मोठ्याने वाचायचे, आणि सुट्टीत दुसरं काही करू न दिल्यामुळे प्रल्हाद शेजारी बसून शिकला. पुढे तो कॉम्प्युटरकडे वळला. प्लेनोतल्या एका विमा कंपनीचा इतका जुना डेटाबेस तो सांभाळतो, की त्याला हात लावायला तरुण मुलं घाबरतात. तेवढ्यावर त्याची नोकरी टिकून आहे.

दुपारच्या सुट्टीत तो डबा खाता खाता एक फुकटचं काम करायचा. उत्तर जर्मनीतल्या एका बंदराच्या गावात छोटं संग्रहालय आहे. त्यांनी जुनी पत्रं इंटरनेटवर टाकून जगभरच्या रिकामटेकड्यांना ती टाइप करून द्यायची विनंती केली होती. पत्रं योहान क्लोस्टरमान नावाच्या व्यापाऱ्याची. हा १८४१ मध्ये दोन वर्षांसाठी म्हणून मालवणला उतरला आणि हिरडा विकत घेऊन युरोपला पाठवू लागला, कारण तिकडे कातडी कमवायला हिरडा लागायचा. घरी बसलेला भागीदार दर वर्षी लिहायचा, एवढा एक मोसम काढ. क्लोस्टरमानने असे एकतीस मोसम काढले. करमत नाही म्हणून तो भुंगेरे गोळा करू लागला, पेट्या भरभरून घरी पाठवू लागला, आणि तिकडच्या विद्वानांनी तीन जातींना त्याचं नाव दिलं. भुंगेरे दर साल जहाजात बसून गेले. क्लोस्टरमान मालवणलाच तापाने गेला.

मुंबईच्या पेढीला त्याने लिहिलेली इंग्रजी पत्रं प्रल्हादने दोन वर्षांत सगळी टाइप केली. पत्रांत भाव, पाऊस, पोटाच्या तक्रारी आणि भुंगेरे. प्रल्हादला हा माणूस आवडायला लागला होता. ‘आवडण्यासारखं काय आहे त्यात?’ असं बायकोने, रत्नाने, विचारलं तेव्हा त्याने तिला पोटाच्या तक्रारीचं एक पत्र वाचून दाखवलं.

मग एका मंगळवारी संग्रहालयाने भुंगेऱ्यांच्या एका पेटीचे फोटो टाकले. एक्केचाळीस भुंगेरे, प्रत्येकाच्या पोटाखाली त्याच टाचणीत ओवलेली कागदाची चिठ्ठी, चिठ्ठीवर क्लोस्टरमानच्या हातचा आकडा. सूचीत शेरा होता : ‘चिठ्ठ्यांच्या मागील बाजूस अळ्यांनी कोरल्याच्या रेघा. नुकसान जुने.’ सतरा नंबरच्या भुंगेऱ्याची चिठ्ठी जराशी वळली होती. प्रल्हादने फोटो मोठा केला. आधी आडवी रेघ ओढून घेतलेली, आणि तिला हात न उचलता लोंबत ठेवलेली अक्षरं. ‘श्रावण शुद्ध’ एवढं त्याला स्पष्ट वाचता आलं. त्याने संग्रहालयाला दोन ओळींची मेल केली. ही कीड नाही. ही मोडी आहे.

सहा आठवड्यांनी उत्तर आलं. लिहिणारी डॉक्टर इल्झे, पेट्या सांभाळणारी बाई. तिने लिहिलं होतं की टाचण्या पेटीच्या तळाच्या बुचात गंजून बसल्यात. उपटायला गेलं तर पाय हातात येतील. चिठ्ठीखाली आरसा सरकवला तर दोन-तीन अक्षरं दिसतात, पण कुठली दोन-तीन बघायची हे वाचणाऱ्यालाच कळणार. ऑक्टोबरनंतर तळघराच्या दुरुस्तीसाठी पेट्या बंद होतील, त्या सात वर्षांनी उघडतील. तोवर कागद टिकेल अशी खात्री ती देऊ शकत नाही. प्रल्हादने दहा दिवसांसाठी यावं. राहायची सोय संग्रहालय करेल.

आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी प्रल्हादला, त्याच्या डेटाबेसला सोडून, नुसतं प्रल्हादला बोलावलं होतं. त्याने मेल प्रिंट करून पाकिटात ठेवली.

मग त्याने वकील बाईंना फोन केला.

“जायला काहीच हरकत नाही,” बाई म्हणाल्या. “परत यायचं असेल तर मात्र विचार करा.”

परत येण्यासाठी पासपोर्टवर व्हिसाचा नवा शिक्का लागणार. तो भारतात जाऊनच मिळणार. भारतातली मुलाखतीची तारीख सध्या अकरा महिन्यांनंतरची. अकरा महिने डेटाबेस वाट पाहील, कंपनी पाहणार नाही. मालक गेला की वर्ग गेला. घर इथे, रत्ना इथे, आणि मुलगी केया सोळा वर्षांची, शाळेत. केया अमेरिकेत जन्मली असल्यामुळे घरात एकटीच कायम होती. पाच वर्षांनी ती एकवीसची झाली की आईबापांसाठी अर्ज करू शकणार होती, आणि बापाची रांग आधी संपते की मुलीचा वाढदिवस आधी येतो यावर सबनीसांकडे कधीमधी जेवताना पैज लागायची. पैज कोणी जिंकत नसे.

“बाबा, जस्ट गो ना,” केया म्हणाली. “वर्स्ट केस, यू गेट स्टक इन कोल्हापूर. यू लव्ह कोल्हापूर.”

“आणि तुझी फी कोण भरणार? भुंगेरे?”

“सतरा वर्षांत माझ्या भावाच्या लग्नाला यायला तुला सुट्टी नाही मिळाली,” रत्ना भाजी निवडता निवडता म्हणाली. “किड्यांसाठी बरी मिळते.”

“लग्नाचा आणि सुट्टीचा संबंध नव्हता. तेव्हाही शिक्क्याचंच होतं.”

“मला माहितीये रे. मी फक्त म्हणाले.”

तिकीट काढून चोवीस तासांत कॅन्सल केलं तर पैसे परत मिळतात, ही इथली एक सोय आहे. प्रल्हादने सप्टेंबरात चार वेळा तिकीट काढलं. पहिल्यांदा त्याने खिडकीची जागा घेतली. तो दिवस त्याचा फार छान गेला. ऑफिसात मीटिंगमध्ये तो उगाच हसला, घरी येताना हायवेवर कुणी मध्ये घुसलं तरी हॉर्न वाजवला नाही. तेविसाव्या तासाला त्याने गाडी पेट्रोल पंपावर घेतली आणि फोनवरून कॅन्सल केलं. चौथ्या वेळी विमान कंपनीच्या मेलने विचारलं की आमच्या सेवेत काही कमी पडलं का.

हे सगळं सुमंतने बाहेर काढलं. सुमंत नागपूरचा, रांगेत प्रल्हादच्या सात महिने मागे असलेला, आणि म्हणून प्रल्हादशी जरा अदबीने वागणारा. दोघे शनिवारी तळ्याभोवती चालायचे.

“चार वेळा? अरे, तू प्रवास करतोयस का उपास?”

“तुला नाही कळायचं.”

“मला कसं नाही कळणार बे? मी माझ्या भाचीचं बारसं फोनवर बघितलं. फोन टेबलावर टेकवून ठेवलेला, मला पूर्ण वेळ फक्त पंखा दिसला.” थोडं चालून झाल्यावर तो म्हणाला, “तू नाही जाऊ शकत ना? मग त्यांनाच बोलाव इकडे.”

“कुणाला?”

“किड्यांना. मेलेलेच आहेत ना? मेलेल्यांना कोण अडवतं यार.”

सुमंतने हे गंमत म्हणून म्हटलं होतं. प्रल्हादने घरी जाऊन इल्झेला तेच जरा सभ्य भाषेत लिहिलं. तिला ते गमतीचं वाटलं नाही. डॅलसजवळच्या एका विद्यापीठाच्या कीटकशास्त्र विभागात तिची ओळख होती. विभागाने उसनवारीचं पत्र दिलं. सरकारी अर्ज एकच होता. त्यात लिहायचं होतं : शास्त्रीय नमुने, मृत, संख्या एक्केचाळीस, प्रवेश तात्पुरता. अर्ज नऊ दिवसांत मंजूर झाला. मुदत तीन वर्षांची, आणि या मुदतीत हवं तितक्या वेळा आत-बाहेर करायला परवानगी.

प्रल्हादने ते पत्र दोनदा वाचलं. “यांना मालक लागत नाही,” तो रत्नाला म्हणाला.

“त्यांना काम करायचं नसतं,” रत्ना म्हणाली.

इल्झे ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात आली. पेटी तिने सगळा प्रवास मांडीवर धरली होती. स्वतःची परवानगी तिने इंटरनेटवर वीस मिनिटांत काढली, असं तिने विमानतळावर सहज सांगितलं, आणि प्रल्हाद म्हणाला, वा.

विभागाच्या एका बिनखिडकीच्या खोलीत तिघे दोन दिवस बसले. इल्झे पेटी तिरकी धरायची. रत्ना सुट्टी टाकून आली होती, ती बॅटरी धरायची. प्रल्हाद दाताच्या डॉक्टरचा छोटा आरसा चिठ्ठीखाली सरकवून उलटी अक्षरं सुलटी करायचा. आधी मान दुखली, मग डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पहिली ओळ लागायला पाऊण तास गेला.

“काय आहे?” इल्झेने विचारलं.

“‘साहेब तापाने पडून. हा हिरड्याच्या पोत्यात मिळाला. धरिला आपाजी नाईक.’”

“हा आपाजी कोण?”

पत्रांत आपाजी कुठेच नव्हता. क्लोस्टरमानने एकतीस वर्षांत ‘माझा कारकून’ असा त्याचा उल्लेख चार वेळा केला होता, त्यातला एक पगार कापल्याचा. चिठ्ठ्यांमागून मात्र तो सावकाश बाहेर येऊ लागला. कुठला भुंगेरा कुठल्या झाडावर, कुठल्या तिथीला, आणि कुणी धरला. एक्केचाळिसांतले एकोणतीस आपाजीने धरले होते. ज्या तिघांना साहेबाचं नाव मिळालं, ते तिन्ही त्याचेच. एका चिठ्ठीवर भुंगेऱ्याबद्दल काहीच नव्हतं; फक्त ‘आज मीठ आणणे’ असं होतं. इल्झेने तेही लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी चौतिसावी चिठ्ठी लागली. प्रल्हादने ती मनात वाचली आणि आरसा खाली ठेवला.

“वाच ना,” रत्ना म्हणाली. “माझा हात अवघडलाय.”

“‘साहेबांस पुढले साली विलायतेस जाणे आहे. दर साल म्हणतात.’”

रत्नाने बॅटरी विझवली. “हा कारकून माझ्या ओळखीचा वाटतो,” ती म्हणाली.

प्रल्हादने इल्झेला अर्थ सांगितला. ती हसली, मग लिहिता लिहिता थांबली. “तळघर उघडलं की तुम्ही दोघांनी यायचं,” ती म्हणाली. “बाकीच्या पेट्यांतही चिठ्ठ्या असतील. बाकीच्या पेट्यांतही चिठ्ठ्या असतील. कधी जमेल?”

“पुढच्या वर्षी बघू,” प्रल्हाद म्हणाला.

रत्नाने बॅटरी पुन्हा लावली.

अडतीस चिठ्ठ्या वाचून झाल्या. तीन लागल्या नाहीत. तिथे कागद खरोखरच अळ्यांनी खाल्ला होता. शनिवारी सकाळी त्यांनी इल्झेला विमानतळावर सोडलं. तिने पेटी छातीशी धरून हात हलवायचा प्रयत्न केला, ते जमलं नाही, म्हणून मान हलवली, आणि काचेच्या दारातून आत गेली. प्रल्हाद दाराकडे बघत उभा राहिला. पिवळ्या जाकिटातला माणूस येऊन म्हणाला, इथे थांबता येत नाही, गाडी काढा. प्रल्हादने गाडी काढली.

घरी पोचले तेव्हा शिड्या लागल्या होत्या आणि चार माणसं वर चढून ठोकाठोक करत होती. केया कानात बोळे घालून अंगणात अभ्यास करत बसली होती. मेमध्ये गारांनी छप्पर फुटलं होतं, ते बदलायचं काम आत्ता निघालं. सबनीस राहायला आल्यापासून या घरावर चढलेलं हे तिसरं छप्पर.