ब्रेककाका आणि पहिली गोळी

सिस्टरने त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एका धिप्पाड माणसाला खुर्चीत बसवून त्याच्याकडून नुसतं बोट हलवून घेत होते. हातात पिस्तूल नाही, समोर निशाणा नाही. तो बिचारा हवेतला चाप ओढून ओढून घामाघूम झाला होता.

"अहो, बोट हलवा, मनगट नको. डास मारताय का?"

दारात उभ्या असलेल्या सिस्टरला हसू आवरेना. तिच्याकडे न बघताच ते म्हणाले, "हसून घ्या बाई. पुढचा नंबर तुमचाच आहे."

तो तिचा नेमबाजी क्लबातला पहिला दिवस. नवऱ्याच्या हौसेखातर ती आली होती. नवऱ्याची हौस लवकरच आटली, तिची मात्र वाढली. दवाखान्यात दिवसभर लोकांचं रक्त काढायचं आणि संध्याकाळी क्लबात एअर पिस्तूल हातात घ्यायचं, असा तिचा क्रम बसला.

शिकवणाऱ्या त्या गृहस्थांची अख्खी नोकरी शहरातली बस चालवण्यात गेली होती. निवृत्त झाल्यावर ते रोज क्लबात येऊ लागले आणि शिकवण्याचं काम आपोआप त्यांच्या गळ्यात पडलं. चाप कसा ओढायचा हे सांगताना ते ब्रेक कसा दाबायचा हे सांगत, म्हणून सगळे त्यांना ब्रेककाका म्हणत. हे नाव त्यांना आवडायचं, पण तसं त्यांनी कधी कबूल केलं नाही.

मग एका सकाळी दवाखान्याच्या ओल्या जिन्यावरून सिस्टरचा पाय घसरला आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, हाड जुळलं, डॉक्टरांनी पाठ थोपटली. पण सुई हातात घेतली की तिला वाटायचं, हात हलला तर? खरं तर तो फारसा हलत नव्हता. तिचा त्याच्यावरचा भरवसा उडाला होता. एकदा एका म्हाताऱ्या बाईंची शीर दोनदा चुकली आणि तिने आपणहून सुईचं टेबल सोडलं. आता ती दारापाशी बसून आलेल्यांची नावं लिहून घेत होती.

"क्लबात पहिल्यासारखा नेम लागला, तर टेबल परत मागेन," तिने नवऱ्याला सांगितलं. "नाही लागला, तर मोठ्या डॉक्टरांना सांगेन, माझ्या जागी कायमचं कुणीतरी घ्या."

"आणि मला विचारशील, तर आजच माग," नवरा म्हणाला.

"तुम्हाला कोण विचारतंय?"

एअर पिस्तूल एका हाताने, हात लांब करून धरायचं. ते मनगटाला झेपेना. ब्रेककाका म्हणाले, "आता दोन्ही हातांनी धरायचं घ्या. परवान्याचं मी बघतो. घ्यायचं तर डबल अ‍ॅक्शनच घ्या, म्हणजे आपल्या क्लबाच्या स्पर्धेत चालेल."

या पिस्तुलाची गंमत अशी की पहिल्या गोळीला चाप लांबवर आणि जोर लावून ओढावा लागतो, कारण गोळीवर आपटणारा मागचा घोडा उचलण्याचं आणि सोडण्याचं अशी दोन्ही कामं तोच चाप करतो. पुढच्या गोळ्यांना घोडा आपसूक मागे गेलेला असतो, त्यामुळे चाप अगदी हलका लागतो. क्लबाचा नियम असा, की पहिली गोळी घोडा खाली ठेवूनच झाडायची.

सिस्टर, नवरा आणि ब्रेककाका, तिघंही दुकानात गेले. दुकानदाराने पिस्तुलं मांडली. ब्रेककाकांनी एकेक उचलायचं, वरचा भाग मागे खेचून आत गोळी नाही ना ते बघायचं, आणि मग सिस्टरच्या हातात द्यायचं. क्लबातली शिस्तच तशी. रिकामं आहे हे स्वतः बघितल्याशिवाय कुणी कुणाच्या हातात पिस्तूल देत नाही. सिस्टरही घेतल्यावर पुन्हा खेचून बघायची. मग भिंतीवरच्या ठिपक्यावर नेम धरून चाप ओढायची. जाड मुठीचं, काळंभोर, वजनदार असं एक तिला फार आवडलं. चाप लोण्यासारखा होता.

"हेच," ती म्हणाली.

"नजर आहे बाईंना," दुकानदार म्हणाला आणि त्याने ते बाजूला काढून ठेवलं. कागदपत्रं व्हायला वेळ होता. तसंच एक पिस्तूल क्लबात होतं, त्यावर तिने सराव सुरू केला.

आणि सगळं बिघडलं. प्रत्येक फेरीची पहिली गोळी खाली, डावीकडे. बाकीच्या बऱ्या, पण पहिली कागदाच्या कोपऱ्यात. एकदा तर गोळी कागदाबाहेरच गेली. एका संध्याकाळी तिने पिस्तूल रिकामं करून टेबलावर ठेवलं, कानांवरचं झाकण काढलं आणि म्हणाली, "काका, बास. हात गेलाय माझा. उद्या डॉक्टरांना सांगून टाकते."

ब्रेककाकांनी कागद जवळ आणून बघितला. मग म्हणाले, "पुन्हा धरा. रिकामंच. घोडा खाली." आणि ते वाकून तिच्या बोटाकडे बघत राहिले.

घोडा खाली असला की चाप बराच पुढे असतो. जाड मुठीवरून तिचं बोट जेमतेम टोकाने तिथवर पोचत होतं. ओढायचं म्हणजे बोट ताणायचं, आणि ताणताना अख्खी मूठ डावीकडे ढकलली जात होती.

"हाताला कशाला दोष देता? बोट पोचतच नाहीये."

"पण दुकानात तर छान ओढला जात होता!"

ब्रेककाकांनी कपाळावर हात मारला. रिकामं आहे का बघायला वरचा भाग मागे खेचला की घोडाही मागे जातो. म्हणजे दुकानात त्यांनी शिस्तीने, न चुकता, प्रत्येक पिस्तूल असं हातात दिलं होतं, की जड चाप तिच्या वाट्याला एकदाही आला नव्हता. दोघांनी मिळून सोप्या चापाची परीक्षा घेतली होती.

शेजारी चार-सहा जण सराव करत होते. त्यांच्या देखत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ब्रेककाका म्हणाले, "चूक माझी आहे. सिस्टरच्या हाताला कुणी नावं ठेवायची नाहीत. इतकी वर्षं शिकवतोय आणि चढावरच्या बसची परीक्षा उतारावर घेतली!"

सिस्टरला त्या क्षणी काय वाटलं ते सांगणं कठीण आहे. अपघात झाल्यापासून सगळे तिला धीर देत होते. चूक दुसरीकडे आहे असं दाखवून देणारं मात्र कुणी भेटलं नव्हतं.

पुन्हा दुकानात वरात गेली. या वेळी दोघांचंही रिकामं बघून झालं की ब्रेककाका पिस्तुलाच्या बाजूची कळ दाबून घोडा खाली आणत आणि मग तिच्या हातात देत. बोटाचं पेर चापावर पुरतं टेकतंय का, तेवढंच बघायचं. टेबल भरून गेलं.

"चपला घेतानासुद्धा हिने एवढे जोड काढायला लावले नव्हते," नवरा दुकानदाराला म्हणाला.

"चपला तुम्ही निवडता, म्हणून तर चावतात," सिस्टर म्हणाली. नजर ठिपक्यावरच होती.

शेवटी एक सडपातळ मुठीचं, मळक्या करड्या रंगाचं निघालं. मॅगझिनमध्ये गोळ्या कमी मावायच्या. दुकानदार नाखूश होता. "याला कुणी विचारत नाही हो."

"आम्ही विचारलं ना," ब्रेककाका म्हणाले.

ते पिस्तूल घेऊन ती पहिल्यांदा उभी राहिली तेव्हा ब्रेककाका मागे उभे होते. तिने घोडा खाली ठेवून चाप ओढायला सुरुवात केली. चाप जड होता, लांब होता, पण सरळ येत होता. पहिली गोळी काळ्या वर्तुळात बसली, अगदी मधोमध नाही, पण आत. पुढच्या तिच्याभोवती बसल्या. तिने पुन्हा एक फेरी केली, मग आणखी एक.

दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडताच ती मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत गेली आणि तिने टेबल परत मागितलं. "कधीपासून?" त्यांनी विचारलं. "आत्तापासून," ती म्हणाली. पहिला माणूस आला तो सुईकडे न बघता पंख्याकडे बघत बसला. रक्त नळीत आलं तरी त्याला पत्ता नव्हता.

ब्रेककाकांचे आभार मानायचे तिने खूपदा ठरवलं. शब्द जुळवले, एकदा मिठाईचा डबाही नेला. त्यांनी डबा उघडला, सगळ्यांना वाटला आणि म्हणाले, "कोपर जरा सैल सोडा."

आता ते मुलीकडे राहतात, शहराच्या दुसऱ्या टोकाला. क्लबात यायला दोन बस बदलाव्या लागतात. दर शनिवारी ते येतात.