लाल ठिपक्याचा पेला
पेल्याच्या बुडाशी नेलपॉलिशचा लाल ठिपका दिसला की कुरखेड्याचा तो दवाखाना आठवतो. टीबीच्या गोळ्यांचा कोर्स दोनदा पुरा करूनही माझ्या थुंकीत जंतू सापडतच होते. “मधामधात गोळ्या घ्यायच्या बुडवल्या ना, बाई?” थुंकी तपासणाऱ्या भाऊंनी विचारलं. घरच्यांनी खूण करून माझ्यापुरता वेगळा काढलेला पेला मी पिशवीतून काढला आणि टेबलावर आपटला. “एकबी बुडवली नाई! तुमचा जंतूच चुकला असन, नीट पाहा!” नमुना नागपूरला गेला. जंतू खरंच टीबीचा नव्हता. माती-पाण्यात राहणारा त्याचा भाऊबंद होता, सहसा माणसाकडून माणसाला न लागणारा. औषध बदललं, मी बरी झाले. ठिपका मात्र पुसला नाही. घरात प्रत्येकाला पाणी मी त्याच पेल्यात देते, सासूबाईंना सगळ्यात आधी.