पाठमोरी खुर्ची

सोयाबीन काढायच्या थ्रेशरवर माझी निम्मी हयात गेली. त्या घरघरीत कोणाचंच कोणाले ऐकू येत नाही, म्हणून आमी सारे हातानं बोलतो. मूठ वर केली की मशीन बंद, बोट फिरवलं की चालू. घरीही तीच सवय लागली, त्यामुळं कान गेले तरी मले पत्ता नव्हता.

वाशीमले दवाखान्यात कानाची तपासणी केली. तिथल्या तपासणाऱ्या बाईनं हेडफोन चढवला अन् आवाज आला की बटन दाबा म्हणाली. काचेपलीकडं तिचं बोट हललं की मी बटन दाबायचो. सारं बरोबर निघालं. ती चक्रावली, मग हसली अन् माझी खुर्ची भिंतीकडं फिरवली. त्यानंतर बटन गप्पच. म्हणाली, आवाजानं आतली नस गेली, औषधानं येत नाही, कानाची मशीन लावा.

कानात मशीन लावून आमच्या गावी मेडशीले बसमधून उतरलो तर माझ्याच चपला वाजत होत्या. उगाच दोन चकरा जास्तीच्या मारल्या. घरी बायको चुलीपाशी पाठमोरी पुटपुटत होती, "बहिरा कुठं उतरला असंन कोण जाणे, कंडक्टरचंही ऐकलं नसंन."

मले पाहून तिनं हातानंच विचारलं, जेवता का?

मी तिच्याकडं पाठ करून बसलो. म्हटलं, "आता बोल."