हात मागे बांधून

माझ्या मावशीच्या हातांना धीर म्हणून नव्हता. तीस वर्षं तिनं बाइंडिंगच्या कारखान्यात पुस्तकं शिवली, आणि घरी कुणी बटण लावायला बसलं की सुई हिसकावून घेतली. "दे इकडे, तुझं होईपर्यंत उजाडेल!" हे ऐकतच मी लहानाची मोठी झाले. पाच वर्षांची असताना आई गेली, तेव्हापासून मी मावशीकडेच. तिनं मला तळहाताच्या फोडासारखं जपलं हे खरं. पण पस्तिशी आली तरी मला धड कांदा चिरता येत नाही, हेही तितकंच खरं. याचा मला राग आहे. होता म्हणू या.

निवृत्तीनंतर तिनं वाचनालयामागच्या सार्वजनिक बागेत नाव घातलं. तिथे बारा शनिवार शिकवून स्वयंसेवक तयार करतात. मग त्यांनी शेजारपाजारच्यांना वाफे करायला, रोपं लावायला शिकवायचं. मावशी चिमूटभर माती चोळून तिला पाणी हवंय की नको ते सांगायची. पण परीक्षा भलतीच होती. कधी रोप न लावलेल्या माणसाकडून बारा रोपं लावून घ्यायची, आपले हात पाठीमागे बांधून. हात पुढे आला की नापास.

मावशी दोनदा नापास झाली. पहिल्यांदा एका पोस्टमननं खुरपं उलटं धरलं. हिनं ते काढून घेतलं आणि बाराच्या बारा रोपं स्वतःच लावून मोकळी झाली. दुसऱ्यांदा अकराव्या रोपाला नुसतं बोट लावलं. जित्याची खोड! शिकवणाऱ्या बाई आवाजानं मऊ आणि नियमानं कडक. म्हणाल्या, "आता एकदाच बसता येईल."

त्या आठवड्यात मावशी खिडकीशी, हात मांडीखाली घेऊन बसायची. एका सकाळी म्हणाली, "स्वप्नात मी नुसती बोलत होते गं. म्हणेन तशी रोपं आपापली चालत जाऊन वाफ्यात बसत होती. माझे हात कुठे होते, ते काही दिसेना."

"म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं," मी म्हटलं.

ती हसली नाही. "कारखान्यात मी एकीलाही शिकवलं नाही. सगळं मीच करत राहिले. मी निघाले आणि माझं काम कुणाच्याच हातात उरलं नाही. एवढं तरी मला जमू दे. परीक्षेला तूच चल. तुझ्याइतकं कोरं माणूस सापडायचं नाही."

"कोरं कुणी ठेवलं?"

तिनं मांडीखालचे हात आणखी आत सरकवले.

परीक्षेच्या दिवशी बागेतल्या काचेच्या खोलीत सकाळचा उजेड हिरवा होऊन उतरत होता. छतावरचा ओलावा थेंबाथेंबानं ओघळत होता. माती कोमट होती. भिंतीवर घड्याळ होतं, पण ते आमच्यासाठी नसावं असं वाटत होतं. मी टोमॅटोचं पहिलं रोप उचललं आणि त्याचा देठ कटकन मोडला.

मावशीचे खांदे दचकले. तिचे हात शिवशिवत असणार, ते मला न बघताही कळलं. मी "दे इकडे"ची वाट पाहिली. ते आलं नाही.

मग ती हळू म्हणाली, "पानाला धर. पान फाटलं तर नवं फुटतं. देठ मोडला की संपलं."

मी जादा रोपांतलं एक घेतलं, पानाला धरून.

"बोट दुसऱ्या पेरापर्यंत घाल. आता सोड. माती दाबू नकोस, झोपलेल्या बाळावर पांघरूण घालतात तशी लोट."

इतक्या सावकाश ती माझ्याशी कधी बोलली नव्हती. मला फार बरं वाटत होतं. दुसरं लागलं, तिसरं लागलं, मग हात आपसूक चालू लागले.

नववं लावून मान वर केली, तर मावशी माझ्याकडे बघतच नव्हती. काचेकडे तोंड करून ढग बघत होती, हात पाठीमागे, पण सैल.

बाईंनी वहीतून डोकं काढलं. "अहो, लक्ष कुठे आहे तुमचं? तिचं चुकलं म्हणजे?"

"तिला येतंय की," मावशी म्हणाली.

तीस वर्षांत हे माझ्याबद्दल ती पहिल्यांदाच म्हणाली. बाईंनी तिथेच, तीन रोपं बाकी असतानाच, वहीत 'पास' लिहिलं, ते मला नंतर कळलं. तेव्हा डोळ्यांतल्या पाण्यानं मला दहावं रोप दिसत नव्हतं.