परातीतला टॉवर

सलीमभाईंचा फोन आला तेव्हा मी जांबे गावातल्या माझ्या घरी चहा गाळत होते. पौडच्या बाजारपेठेत त्यांचं कापडाचं दुकान आहे, इतक्या सकाळी ते कधी फोन करत नाहीत. "स्वातीताई, आपा गेली," ते म्हणाले. मग जरा थांबून, "रातच्याला जेवली, हसली... सकाळी उठलीच न्हाई." शमीमआपा, त्यांची थोरली बहीण, माझी पहिली आणि एकमेव बॉस. पुढे मैत्रीण. त्याला आता दीड महिना होऊन गेला. तिच्याविषयी लिहायला बसले की रडू कमी आणि हसू जास्त येतं. तिला त्याचं नवल वाटलं नसतं.

मी आर्किटेक्ट होऊन लातूरहून नवी नवी पुण्यात आले होते, आपाच्या आर्किटेक्ट ऑफिसात नोकरी मागायला. मुलाखतीत आपानं माझी ड्रॉइंग्ज बाजूला सारली आणि विचारलं, "तुमच्याकडे नळाला पाणी कधी यायचं?" मी म्हटलं, "आलं तर यायचं." ती खळखळून हसली आणि सोमवारपासून ये म्हणाली. उंच इमारती बांधणारी ही बाई लिफ्टला मात्र घाबरायची, हे मला पहिल्याच साइटवर कळलं. अर्धवट टॉवरचे जिने ती एकेक पायरी चढायची आणि मागून ठेकेदार धापा टाकत यायचे. "दम लागला की माणसाला खोटं सुचत नाही," असं त्यावर तिचं समर्थन. तिच्या सगळ्या इमारतींचे जिने रुंद आणि उजेडाचे आहेत, वळणावर टेकायला कट्टा आहे, त्याचं कारण तिची ही भीती.

तिचं सगळ्यात मोठं काम म्हणजे शहरातला नदीकाठचा प्रकल्प. देवेन नावाच्या तरुण बिल्डरला काठावर भराव घालून, संरक्षक भिंत उभारून मॉल हवा होता आणि त्याच्यावर काचेचा टॉवर. आपानं मांडलं ते उलटंच. खालची जमीन मोकळी, खांबांवर उचललेली, नदीला फुगायला जागा. त्यावर बाजार आणि दवाखाना, मग ऑफिसं, सगळ्यात वर घरं. पश्चिमेला काचेऐवजी खोल सावलीचे व्हरांडे. घरांचं सांडपाणी तिथंच शुद्ध करून झाडांना आणि फ्लशला. देवेन म्हणाला, "मॅडम, खालचा मजला म्हणजे दुकानांची सोन्याची जागा, ती तुम्ही पाण्याला देताय." पुढच्या बैठकीला आपा घरची पितळी परात घेऊन आली. परातीत पुठ्ठ्याचा टॉवर, त्याच्या बाजूनं भिंत, आणि समोरच्या काठावर तिथल्या वस्तीची इवली घरं. तांब्यातून ती पाणी ओतत गेली. भिंत टिकली, टॉवर कोरडा राहिला... आणि समोरची घरं तरंगायला लागली.  देवेननं टेबलावर सांडलेलं पाणी आपल्या रुमालानं पुसलं आणि आठवड्याभरात काम दुसऱ्याला दिलं.

ऑफिसावर सुतकी कळा आली, तेव्हा आपानं आम्हा सगळ्यांना मुठे गावी जेवायला बोलावलं. तिथं नदीजवळ तिचं बैठं घर होतं. सलीमभाई मटणाचा टोप घेऊन पौडहून आले होते. वाढता वाढता ते म्हणाले, "आपा, तुझं खरं हाय, पन हट्टापायी एवढं काम गेलं की." ऑफिसात शुद्ध बोलणारी आपा भावाशी कायम गावचंच बोलायची. "हट्ट न्हाई रं. त्या काठाला मान्सं ऱ्हात्यात. आपलं कोरडं ठेवाया त्यांच्या घरात पानी घालू व्हय?" मग आमच्याकडे वळून म्हणाली, "तोंडं काय पाडताय? रस्सा निवतोय."

त्या पावसाळ्यात धरणातून पाणी सोडलं आणि नदी देवेनच्या मोकळ्या प्लॉटवर चढली. पुढच्या रविवारी त्याची गाडी मुठ्यात, आपाच्या अंगणात येऊन थांबली. मी तिथंच होते. तो ओट्यावर बसला आणि म्हणाला, "मॅडम, मी बघायला गेलो होतो. पाणी माझ्या प्लॉटभर पसरलं, आणि समोरच्यांच्या उंबऱ्याशी येऊन थांबलं. भिंत असती तर..."  आपा म्हणाली, "आधी जेवून घ्या." जेवणानंतर दोघं बराच वेळ भांडले. त्याला मजले वाढवून हवे होते. आपा आनंदानं तयार झाली. जमीन मोकळी सोडायची तर माणसांना वर न्यावंच लागेल, ती म्हणाली. खालच्या दुकानांवर मात्र पाणी सोडतो, असं तो शेवटी म्हणाला, आणि या शब्दांवर दोघंही हसले.

टॉवर आपाच्याच आराखड्याप्रमाणे उभा राहिला. दुसऱ्याच वर्षी खांबांमधून पुराचं पाणी आलं आणि गाळ टाकून निघून गेलं. आपा रबरी बूट घालून तो गाळ बघत हिंडली. एखादी बाई नातवाला बघत हिंडेल तशी.

आपाच्या चाळिसाव्या दिवसाच्या विधीनंतर सलीमभाई आणि भाभी टॉवर बघायला आले. त्यांनी तो कधी पाहिलाच नव्हता. भर उन्हाळा होता. नदीकडे उतरणाऱ्या दगडी पायऱ्यांवर समोरच्या वस्तीतल्या बायकांनी पुलावरून येऊन पापड घातले होते. मागच्या वर्षी वरच्या फ्लॅटवाल्यांनी याची तक्रार केली होती, इमारतीची शोभा जाते म्हणून. निवाड्याला बोलावलेली आपा त्या बायकांमध्ये फतकल मारून बसली, ऊन कुठं जास्त टिकतं ते विचारलं, आणि वाऱ्यानं प्लास्टिक उडू नये म्हणून कडेला लोखंडी कड्या ठोकून द्यायला सांगितल्या. त्या कड्यांना बांधलेल्या प्लास्टिकवरच आता पापड वाळत होते.

"मॅडमचे भाऊ का?" एका बाईनं विचारलं. "मग बसा की. हितंच बसायच्या त्या." तिनं अर्धवट वाळलेला एक पापड सलीमभाईंच्या हातावर ठेवला. ते पायरीवर टेकले, मान उंच करून टॉवर शेवटापर्यंत बघितला. "लई उंच बांधलंय," ते पापड चावत म्हणाले. भाभी त्यांच्या शेजारी बसल्या, मग मीही बसले. बाईनं आणखी दोन पापड काढले.