टेल्लेर्वोने बुजवलेली भोकं

टेल्लेर्वो कार्पिनेनला गाडीच्या रंगरूपाशी काही देणंघेणं नव्हतं. गाडी अंगणात शिरली की ही बाई आधी गुडघे टेकून तिचं पोट बघायची. "वरून काय, सगळेच देखणे असतात," असं म्हणायची, आणि म्हणताना नवऱ्याकडे नजर टाकायची. कौको बिचारा हसून सोडून द्यायचा.

किविपेरा गावातून जाणाऱ्या हमरस्त्यावर बर्फ वितळावा म्हणून हिवाळाभर मीठ पडतं. नाही टाकलं तर माणसं घसरून चरात जातात, टाकलं तर गाड्या सडतात. माणसं महत्त्वाची, एवढं टेल्लेर्वोला मान्य होतं, पण मिठाशी तिचं जुनं वैर होतं. लग्नानंतर घेतलेली पहिली गाडी मिठाने अशी खाल्ली, की एक दिवस ब्रेक मारताना कौकोची टाच तळातून आरपार गेली. कौकोला हसू आलं, तिला मात्र रडू कोसळलं. त्याच उन्हाळ्यात तिने जुन्या गोठ्यात माणूसभर खोल खड्डा खणला, वर गाडी उभी करायला जाड फळ्या टाकल्या, आणि खालून तेल मारायला शिकली.

तेव्हापासून अर्ध्या गावाच्या गाड्या दर शरदात त्या खड्ड्यावर येऊ लागल्या. ती गाडी धुवायची, सुकवायची, कानाकोपऱ्यात पातळ तेल फवारायची आणि मालकाला दम भरायची, "इथून थेट तळ्याकाठच्या मातीच्या रस्त्याला जा. जोरात हाण. धूळ बसली पाहिजे." ओल्या तेलावर धूळ बसली की तिचं घट्ट कवच होतं. तळ्याकडे धुळीचा लोट दिसला की लोक म्हणत, "टेल्लेर्वोच्या तावडीतून सुटला वाटतं कोणीतरी."

दरवर्षीच्या सरकारी तपासणीत गाडीचा पत्रा ठोकून बघतात. तिथे जाणाऱ्याला टेल्लेर्वो सांगायची, "माझ्या हातची गाडी आहे म्हण, आणि ठोक म्हणावं मनसोक्त." बढाई होती, पण पोकळ नव्हती. तिच्या हातची गाडी गंजापायी कधी परत आली नव्हती.

यंदा मात्र तिच्या डोक्यात नवीन खूळ शिरलं. तेलात मेण कढवून घालायचं. थर जाड बसेल, एका मेहनतीत दोन हिवाळे निघतील. कौको म्हणाला, "चाललंय ते काय वाईट आहे?"

"तू गप्प बस. तू टाचेने गाडी फोडणारा माणूस."

सप्टेंबरभर तिने तो जाड काळा थर गावभर चढवला, आणि दुकानासमोर उभी राहून छाती ठोकून सांगितलं, "दोन हिवाळे. लिहून देते."

ऑक्टोबरात आठवडाभर झड लागली. ती थांबली त्या दिवशी टपालवाली ताइमी अंगणात आली. गाडी थांबली आणि आतून डबडब आवाज आला, अर्ध्या भरलेल्या किटलीसारखा.

"ऐकलंस?" ताइमी म्हणाली. "वळणावर तर माझ्या मागे समुद्र चालतो. पेटीतली पत्रं नाहीत ना भिजत, म्हणून आधी तिथेच बघितलं."

टेल्लेर्वोने खाली वाकून दारांचा तळ बघितला. गाडीच्या दारांत खिडकीच्या फटीतून पाणी उतरतंच. ते खाली साचू नये म्हणून दारांच्या तळाशी आणि दारांखालच्या पोकळ पत्र्यात बारीक भोकं असतात. पातळ तेलाने ती कधी बुजली नव्हती, म्हणून तिने कधी बघितलंही नव्हतं. मेणाने ती ठार बंद केली होती. तिने तार खुपसली. पाण्याची धार थेट तिच्या बाहीत शिरली.

"ताइमी, ही घाण माझी आहे," ती म्हणाली. "आणि फक्त तुझ्याच गाडीत नाही."

त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही. अजून रस्त्यावर मीठ पडलं नव्हतं. एकदा पडलं की ओल्या रस्त्याचं खारं पाणी उडून आत शिरणार, तिथेच कोंडून राहणार, आणि वसंतापर्यंत पत्र्याची चाळण होणार. ज्या गाड्या वाचवायच्या, त्याच तिने आतून सडायला घातल्या होत्या. आणि हे गावाला कळलं, तर पुन्हा कोण आपली गाडी त्या खड्ड्यावर आणणार?

कौकोने हळूच वाट काढून दिली. "मोफत तपासणी आहे म्हणून सांग. गाड्या येतील, तू गुपचूप भोकं उघड. कोणाला पत्ता लागतोय?"

"मोफत तपासणीला निम्मे आळशी येणारच नाहीत. त्यांच्या गाड्यांचं काय?"

"अगं, पण तुझं नाव?"

"नाव गेलं खड्ड्यात. खड्डा माझाच आहे."

शनिवारी एल्क हरणांच्या शिकारीनंतरचं गावजेवण होतं. सभागृहात सूपाची मोठाली पातेली, राय धान्याची काळी भाकरी, सगळं गाव हजर. टेल्लेर्वो बाकावर चढली. बाक कुरकुरला, माना वळल्या.

"सप्टेंबरपासून मी ज्या-ज्या गाड्या केल्या, त्यांची पाणी निथळायची भोकं मी बुजवली आहेत. मेणाची अक्कल माझीच. वळणावर डबडब ऐकू येईल किंवा येणारही नाही, पाणी आत आहे. मीठ पडायच्या आत गाड्या घेऊन या. पैसे नाहीत. शिव्या द्यायच्या असतील त्या खड्ड्याशी उभं राहून द्या, मला खालून ऐकू येतं."

चमचे थांबले होते ते पुन्हा चालू झाले. कोणीतरी मीठ मागितलं. टेल्लेर्वो खाली उतरली, सूप संपवलं आणि ताठ मानेने घरी आली. दार लावल्यावर मात्र कौकोच्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणाली, "संपलं रे सगळं."

सकाळी अंगणापासून रस्त्यापर्यंत गाड्यांची रांग होती. सगळ्यात पुढे ताइमी. तिचं काम तर झालेलं होतं.

"तू कशाला आलीस?"

"दुसऱ्या बाजूची भोकं बघितलीस का? तू घाबरलेली होतीस तेव्हा, मला वाटलं राहिली असतील."

खरंच राहिली होती. टेल्लेर्वो खड्ड्यात उतरली आणि पुढचे दिवस तिथेच राहिली. पाणी, मेण, शिव्या, सगळं वरून पडत होतं. शिव्या मोजक्याच पडल्या, आणि त्याही हसत.

शेवटी एकच गाडी उरली, म्हाताऱ्या ओह्तोची. गावात त्याच्याइतका खवट माणूस नव्हता. तो जेवणात होता, त्याने ऐकलं होतं, तरी आला नव्हता. रेडिओवर सांगितलं, उद्या मिठाच्या गाड्या निघणार. हा माणूस आपलं तोंड बघायलाही तयार नाही, हे टेल्लेर्वोने मनाशी धरलं. तरी तिने तार, दिवा आणि पातळ तेलाचा डबा घेतला आणि त्याच्या घरी गेली.

ओह्तोची गाडी दारातच उभी होती. एक बाजू जॅकने उचललेली, खाली ओंडके लावलेले, त्यांच्यामध्ये तिला आडवं पडायला जुनी सतरंजी अंथरलेली. ओह्तो पायरीवर बसला होता, शेजारी कॉफीचे दोन कप.

"आला नाहीस," ती म्हणाली. "मला वाटलं, विश्वास उडाला तुझा."

"उडायला काय झालं? बाकावर चढून सांगणारी बाई राहिलेल्या गाडीसाठी घरी येणार नाही होय? मग मी पेट्रोल कशाला जाळू?" त्याने कप पुढे केला. "तीन दिवस रोज कॉफी करून ओततोय. घे, आज गरम आहे."