चाळणीतले तारे आणि वाडीचे दिवे

सोयगावच्या बाजूला एका डोंगरमाथ्यावर लोकांसाठी वेधशाळा आणि तारांगण उभारायचं, असं औरंगपुऱ्यातल्या आमच्या हौशी खगोल मंडळानं ठरवलं होतं. आकाश तिथं शाईसारखं काळं. अडचण एकच. माथ्यावरच्या वाडीत रस्त्याचे दिवे लागणार होते. खांब येऊनही पडले होते. दिवे लागले की तारे फिके. वाडीची समजूत घालायची कामगिरी माझ्याकडे आली, कारण मंडळात नाटकी मीच.

मी शाळेच्या खोलीची दारं-खिडक्या लावल्या, पिठाची चाळणी मागवली आणि तिच्याखाली बॅटरी धरली. छतभर ठिपके! चाळणी फिरवली तसे तारे उगवले, मावळले. शनी किती आळसात चालतो, तेही चालून दाखवलं. वाडी पोट धरून हसली. त्याच रंगात मी मागणी टाकली: दिवे नकोत म्हणून सांगा.

सरपंचबाई पदर सावरत उठल्या. "आमच्या सुनेला पहाटं विहिरीच्या वाटंवर साप चावला. अंधारात दिसलाच नाय. वाचली कशीबशी, म्हणून दिवं मागितलं व्हतं. पण पोरांस्नी तारे दिसणार असतील तर ऱ्हाऊ द्या. अंधाराची सवय हाय आमाला. चला भाऊ, जेवून जा."

सुनेनंच भाकरी वाढली. लंगडत. मी भांडायच्या तयारीनं गेलो होतो; इथं तिच्या हातची भाकरी खात होतो.

शहरात परतून मंडळाला सांगितलं, "वाडी ऐकत नाही. दिवे हवेतच म्हणते." काय अभिनय झाला म्हणता! आमच्या अध्यक्षांनी वेधशाळेचा घुमट स्वतःच्या हातानं कागदावर काढला होता. तो कागद गुंडाळत ते म्हणाले, "अडाणी लोक. त्यांना काय त्याचं!"

मी मान हलवली. हो, हलवली. आणि वाडीला निरोप धाडला: दिवे लावून घ्या, आम्ही दुसरा डोंगर बघतोय.

पुढं शहागंजात, ऐन बाजाराच्या गर्दीत, सरपंचबाई समोर उभ्या. "भाऊ, दिवं लागलं. पण तारेवाली मंडळी का नाय आली? आमी तर व्हय म्हणलो व्हतो. आमचं काय चुकलं का?"

"जागा लहान पडली," एवढंच पुटपुटलो.

"अगं बाई!" त्या हळहळल्या. "मग सांगायचं नाय का? शेजारचं वावर आमचंच हाय. दिलं असतं की."